एकीकरण नेमकं कुणाचं?

गेले दोन-तीन आठवडे आमच्या बेळगावकडच्या सगळ्या ग्रुपवर एकच भांडण चाललंय. कुणीतरी कर्नाटकच्या हायस्कूलच्या समाज विज्ञानाच्या पुस्तकातल्या शिवाजी महाराजांवरच्या मजकुराचा फोटो टाकला, ओळींना लाल पेनानं नंबर घातलेले, आणि खाली लिहिलं, एवढ्यातच उरकलं बघा. तासाभरात दुसऱ्या बाजूचं उत्तर आलं, की महाराष्ट्राच्या पुस्तकात कित्तूरची राणी चन्नम्मा किती ओळीत आहे ते दाखवा आधी. मग काय, ओळी, पानं, चित्राची साइज, कुणाच्या नावाआधी काय लावलंय, सगळं मोजून झालं. मी ते सगळं वाचलं, एक-दोन ठिकाणी लिहिलंसुद्धा, खरं मला राहून राहून एकच वाटत होतं की ज्या पोरांच्या नावानं हे चाललंय त्यातल्या एकालाही कुणी विचारलेलं नाही, की बाबा तू हे वाचलास तर तुला काय समजलं. समजा मागितल्या तेवढ्या ओळी मिळाल्या, दहाच्या वीस झाल्या, तर पोरगं वीस ओळी पाठ करणार आणि परीक्षा झाली की विसरणार. त्यानं कुणाचं काय भलं होतंय?

माझं म्हणणं आधीच सांगते. बेळगाव, खानापूर, निपाणी ह्या पट्ट्यात, आणि तिकडं जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापुरातसुद्धा, आठवी ते दहावीच्या मुलांना इथला इतिहास दोन्ही बाजूंच्या कागदांतून शिकवायला पाहिजे. म्हणजे एखादी घटना कन्नड माणूस कशी सांगतो ते मराठी मुलानं त्याच्या शब्दांत वाचायचं, आणि मराठी माणूस कशी सांगतो ते कन्नड मुलानं. पटलंच पाहिजे असं काही नाही, खरं माहीत पाहिजे. पानं मोजायचा वाद आपण सत्तर वर्षं घालतोय आणि त्यातून पोरांच्या हातात एकच गोष्ट आलीय, ती म्हणजे शेजाऱ्याबद्दलचा राग, तोसुद्धा ऐकीव.

मी बेळगावात शहापूरला ट्यूशन घेते, बारा वर्षं झाली. मराठी मीडियमची मुलं येतात, कन्नड मीडियमची येतात, इंग्लिश मीडियमचीही दोन-चार असतात, आणि खोली एकच असल्यामुळं सगळी एकत्र बसतात. बाहेरच्यांना बहुतेक माहीत नसतं, की कर्नाटकातल्या मराठी शाळेत जे समाज विज्ञानाचं पुस्तक असतं ते राज्याच्याच पुस्तकाचं मराठी भाषांतर असतं. म्हणजे माझ्याकडची वडगावची कन्नड मुलगी आणि येळ्ळूरचा मराठी मुलगा एकच धडा वाचतात, अक्षरं तेवढी वेगळी. आणि माझ्या भावाची मुलगी चंदगडला असते, इथून तासा-दीड तासाच्या अंतरावर, ती महाराष्ट्राचं पुस्तक वाचते, त्यात सगळं वेगळं. आता ह्याचा आरसाही आहे. जतच्या कन्नड शाळेतलं पोरगं बालभारतीचं पुस्तक कन्नडमध्ये वाचतं. म्हणजे चार मुलं आहेत, दोन भाषा आहेत, दोन पुस्तकं आहेत, आणि कुणाचं पुस्तक कुणाच्या घरातल्या बोलण्याशी जुळेल ते ठरलंय एका रेषेवरून, जी १९५६ मध्ये ओढली गेली.

मागच्या वर्षी आम्ही कर्नाटक एकीकरणाबद्दल वाचत होतो. येळ्ळूरचा मुलगा मध्येच म्हणाला, "टीचर, एकीकरण झालं म्हणून लिहिलंय. आमच्या घरात तर म्हणतात अजून व्हायचंय." पुढच्या बाकावरची कन्नड मुलगी वळून म्हणाली, "झालंय की! एक नोव्हेंबरला झालंय." दोघंही एकमेकांकडं बघत राहिली, दोघांनाही समोरचा चुकतोय असं वाटत होतं, आणि दोघंही बरोबर होती. कारण एकीकरण हा शब्द कन्नडमध्येही तोच आहे आणि मराठीतही तोच. कन्नडमध्ये एकीकरण म्हणजे मुंबई, मद्रास, हैदराबाद, म्हैसूर आणि कोडगू अशा पाच ठिकाणी वाटला गेलेला कन्नड मुलूख एकत्र येणं. मराठीत एकीकरण म्हणजे बेळगाव-कारवार-निपाणीसकट मराठी मुलूख महाराष्ट्रात जाणं, त्यासाठीच तर महाराष्ट्र एकीकरण समिती. एकच शब्द, एकच गाव, १ नोव्हेंबर हीच तारीख, एका गल्लीत कर्नाटकाचे लाल-पिवळे झेंडे आणि दुसऱ्या गल्लीत काळा दिवस. मला सांगा, पोरानं हे चौदाव्या-पंधराव्या वर्षी वर्गात नाही समजून घ्यायचं तर कधी आणि कुठं? कट्ट्यावर? मोर्चात?

त्या दिवशी मी धडा बाजूला ठेवला आणि त्या मुलीला विचारलं, तुमच्याकडं हे एवढं का महत्त्वाचं ते सांग. तिला नीट सांगता आलं नाही, तिलाही पाठच होतं सगळं. मग मी सांगितलं. आणि हे मी इथं मराठी वाचणाऱ्यांसाठी मुद्दाम सांगते, कारण आपल्यात हे फार थोड्यांना माहीत आहे. एकोणिसाव्या शतकात धारवाड-बेळगाव भाग मुंबई इलाख्यात होता आणि इथल्या शाळांत, कचेऱ्यांत मराठीचं वजन होतं. घरात कन्नड बोलणारं पोरगं शाळेत मराठी शिकायचं. कन्नड शाळा सुरू व्हाव्यात म्हणून डेप्युटी चन्नबसप्पांसारख्या शिक्षण खात्यातल्या माणसांना खपावं लागलं. पुढं १८९० मध्ये धारवाडला कर्नाटक विद्यावर्धक संघ निघाला, रा. ह. देशपांड्यांनी काढला, तो ह्याच दुखण्यातून. आपली भाषा आपल्याच गावात दुय्यम झालीय ही ती भावना. ओळखीची वाटते ना? आज खानापूरच्या मराठी बापाला पोराच्या शाळेबद्दल, सातबाऱ्याच्या कागदाबद्दल, बसच्या बोर्डाबद्दल जे वाटतं तेच तेव्हा धारवाडच्या कन्नड बापाला वाटत होतं, आणि तेव्हा वरच्या बाजूला आपण होतो. हे वाचल्यावर माझा सीमाप्रश्नाबद्दलचा आग्रह कमी झाला का? अजिबात नाही. खरं कन्नड माणूस भाषेच्या बाबतीत एवढा हळवा का होतो हे मला पहिल्यांदा कळलं, आणि त्याच्याशी वाद घालताना कुठून सुरुवात करायची तेही कळलं. अरे, तुमच्या पणजोबानं हेच सोसलंय, मग आमच्यावर तीच वेळ कशी आणता? हा प्रश्न विचारायचा हक्क आणि शब्द दोन्ही मला त्यांच्याच इतिहासानं दिले.

आता विरोधातले मुद्दे. त्यातला पहिला मी स्वतः कितीतरी वर्षं मांडत होते, त्यामुळं तो हलका आहे असं मी म्हणणार नाही. मुद्दा असा, की समजूतदारपणा नेहमी दुबळ्याकडूनच मागितला जातो. ज्याच्या हातात सरकार आहे, पोलीस आहेत, बोर्डावरची भाषा ठरवायची पॉवर आहे, त्याला कुणी म्हणत नाही की दुसऱ्याला समजून घे. म्हणून सीमाभागातल्या मराठी माणसाला कुणी 'परस्पर समजूत' म्हणालं की त्याला ऐकू येतं, गप्प बसा आता. आणि हे खोटं नाही. भाषिक अल्पसंख्य १५ टक्क्यांच्या वर असतील तिथं त्यांच्या भाषेत सरकारी कागद मिळावेत असं ठरलेलं आहे, ते कागद मिळवायला किती हेलपाटे मारावे लागतात ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी असं सांगणारं ३५० अ कलम घटनेत आलं तेसुद्धा १९५६ च्या पुनर्रचनेबरोबरच, म्हणजे आपल्यासारखी माणसं रेषेच्या चुकीच्या बाजूला राहणार हे दिल्लीला तेव्हाच ठाऊक होतं. १७ जानेवारी १९५६ ला गोळीबारात माणसं गेली, १९८६ च्या जूनमध्ये कन्नड सक्तीविरुद्धच्या आंदोलनात गेली, बेळगावजवळच्या हिंडलग्याचं हुतात्मा स्मारक काय उगाच उभं नाही. एवढं सगळं असताना त्यांची बाजू वाचा म्हणून सांगायला कुणी आलं तर माणूस उखडणारच.

खरं ह्यातून निघतं काय? एवढंच निघतं की वाचायचं असेल तर दोघांनी वाचलं पाहिजे. हिंडलगा मराठी मुलाच्या वहीत असून भागत नाही, ते कन्नड मीडियमच्या मुलीच्या वहीत यायला पाहिजे, नावानिशी, तारखेनिशी. माझी अट तीच आहे आणि ती मी सोडणार नाही. एकट्या मराठी मुलाला कन्नड बाजू शिकवणं म्हणजे समजूत नाही, ती सक्तीच. आणि दुसरं म्हणजे समोरच्याचं म्हणणं माहीत असलं की आपण दुबळे होतो हे आलं कुठून? महाराष्ट्रानं सीमाप्रश्नावर २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात दावा टाकलाय. तिथं आपला वकील कर्नाटकाचं म्हणणं न वाचता उभा राहतो का? तो ते शब्द न् शब्द वाचतो, त्यातलं बळकट काय आणि पोकळ काय ते शोधतो. मग जे आपल्या वकिलानं केलं तर हुशारी, ते आपल्या पोरानं केलं तर फितुरी कशी?

दुसरा आक्षेप, मुलं लहान आहेत, त्यांचा गोंधळ उडेल, आधी आपला इतिहास पक्का होऊ दे मग दुसऱ्याचा बघू. हा आई-बापांचा आक्षेप आहे, मायेपोटी येतो. माझं उत्तर एवढंच, की चौदा वर्षांच्या पोराला आपण इतिहास समजायला लहान म्हणतो, मोर्चात पुढं उभं करताना लहान म्हणत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये बेंगळुरात शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर शाई टाकली गेली आणि लगेच इथं अनगोळला संगोळ्ळी रायण्णाच्या, म्हणजे चन्नम्मा राणीच्या इंग्रजांशी लढलेल्या शिपायाच्या, पुतळ्याची नासधूस झाली, त्या रात्री माझ्याकडच्या मुलांच्या मोबाइलवर काय काय फिरत होतं ते मी बघितलंय. नववीतली पोरं. त्यांना कुणीही विचारलं नव्हतं की हे दोघं एकमेकांचे कोण लागत होते. महाराज गेले १६८० ला, रायण्णाला फाशी झाली १८३१ ला. दीडशे वर्षांचं अंतर, दोघांची गाठ पडायचा प्रश्नच नाही, आणि आपण त्यांना एकमेकांसमोर उभं करून दगड मारतोय. हा गोंधळ दोन्ही बाजू शिकवून झालेला नाही, एकही बाजू धड न शिकवून झालाय.

आणि रायण्णाबद्दल सांगायचं तर, त्याला फाशी दिली ती नंदगडला. नंदगड खानापूर तालुक्यात, मराठी बोलणारं गाव, सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या महाजन आयोगानं १९६७ मध्ये जी गावं महाराष्ट्राला द्यावीत म्हणून सांगितलं त्यात नंदगड आहे. माझ्या आज्जीचं माहेर त्याच बाजूला. तिला कन्नड धड यायचं नाही, खरं रायण्णाच्या समाधीजवळच्या वडाला ती जाताना-येताना हात जोडायची. लोक तिथं नवस बोलतात, मूल व्हावं म्हणून पाळणे बांधतात. लहानपणी मी तिला विचारलं होतं, हा कोण गं? ती म्हणाली, "आपला शिपाई की गं, इंग्रजाशी भांडला." आपला म्हणाली. चन्नम्मा राणीचा कन्नड शिपाई तिला आपला वाटायचा, कारण ज्या कचेऱ्या त्यानं लुटल्या आणि जाळल्या त्या ह्याच गावांतल्या शेतसाऱ्याच्या होत्या, आणि साऱ्यानं गांजलेला शेतकरी मराठीही होता आणि कन्नडही. हे आज्जीला शाळा न शिकता माहीत होतं. आपल्या शिकलेल्या पोरांना ते माहीत नाही.

तिसरा आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे, आणि त्याबद्दल जरा सविस्तर बोलते. तो असा, की दोन्ही बाजू शिकवायच्या म्हटलं की शेवटी सगळं गुळमुळीत होतं. सगळे राजे चांगले, सगळ्या भाषा बहिणी-बहिणी, वर्गात दोन झेंड्यांचं चित्र आणि खाली हातात हात. असल्या कार्यक्रमात मी स्वतः मुलांना घेऊन गेलेय, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बाहेर आल्यावर दहा मिनिटांत पोरं परत पुतळ्यावरून भांडायला लागली. भांडण लपवून समजूत होत नाही. मी म्हणते ते ह्याच्या बरोब्बर उलटं आहे, जिथं भांडण झालं तिथंच जाऊन बसायचं.

उदाहरण देते, बेळवडीचं. बेळवडी बैलहोंगल तालुक्यात. १६७८ च्या सुरुवातीला महाराज दक्षिणेच्या मोहिमेवरून परत येत होते. सैन्याचे बैल, रसद बेळवडीकरांनी पळवली म्हणून तिथल्या गढीला वेढा पडला. गढीची मालकीण होती एक बाई, देसाईण. कन्नड लोक तिला मल्लम्मा म्हणतात, मराठी इतिहासात ती सावित्रीबाई म्हणून येते. वेढा चालला सत्तावीस दिवस. कन्नड परंपरा सांगते की नवरा पडल्यावर तिनं बायकांना घेऊन झुंज दिली, आणि शेवटी महाराजांनी तिला मानानं वागवलं, तिचा मुलूख तिला परत दिला. धारवाडजवळ यादवाडला एक दगडी शिल्प आहे, ते तिनं महाराजांचं करवून घेतलं असं सांगतात. मराठी बाजूला भर असतो तो वेगळ्या गोष्टीवर, की सखोजी गायकवाड नावाच्या सरदारानं त्या बाईशी गैरवर्तन केलं तेव्हा महाराजांनी स्वतःच्या माणसाला कडक शिक्षा केली, डोळे काढले. आणि तिसरा कागद इंग्रजांचा, राजापूरच्या वखारवाल्यांनी त्याच वेळी पत्रात लिहिलंय, की एवढी राज्यं घेणाऱ्या माणसाला ही एक देसाईण आवरत नाही. हे ते कौतुकानं लिहीत नव्हते, महाराजांवर त्यांचा राग होता.

मी हे तिन्ही वर्गात ठेवलं, तीन कागदांवर. पहिल्यांदा मराठी मुलं नाराज झाली, त्यांना वेढा सत्तावीस दिवस चालला हेच आवडलं नाही. कन्नड मुली खूश. मग एकीनं विचारलं, "अक्का, आमच्या आजीनं सांगितलेल्या गोष्टीत गायकवाड नाहीच, तुमच्यात आहे. असं का?" त्यावर एक मराठी मुलगा, जो एरवी वर्गात तोंड उघडत नाही, तो म्हणाला, "आमच्या लोकांना आपल्या राजाचा न्याय दाखवायचा असणार, तुमच्या लोकांना आपल्या राणीचा पराक्रम." बस. इतिहास म्हणजे काय ते त्या पोरानं एका वाक्यात सांगितलं. कोण लिहितो, कुणासाठी लिहितो, काय ठेवतो, काय गाळतो. महाराष्ट्रात दहावीच्या पुस्तकात इतिहासलेखनाचे सुरुवातीला धडेच्या धडे आहेत, पाश्चात्त्य परंपरा, भारतीय परंपरा, भावाच्या मुलीला त्यातली सगळी नावं पाठ आहेत. खरं बेळवडीचे तीन कागद समोर ठेवल्यावर जे कळतं ते त्या नावांनी कळत नाही. आणि महाराज ह्यात लहान झाले का? त्या दिवशी वर्ग सुटताना कन्नड मुलींच्या तोंडून मी पहिल्यांदा महाराजांबद्दल चांगलं ऐकलं, आणि ते कुणी पाठ करून घेतलेलं नव्हतं.

कित्तूरचंही असंच. १८२४ ला चन्नम्मा इंग्रजांशी लढली, धारवाडचा कलेक्टर थॅकरे त्यात मारला गेला, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या आधीचं कुणी सांगत नाही. कित्तूरच्या मल्लसर्ज देसायाला दुसऱ्या बाजीरावानं पुण्यात अडकवून ठेवलं होतं, म्हणून १८१८ मध्ये इंग्रज सेनापती मन्रोनं बेळगावचा किल्ला पेशव्यांच्या माणसांकडून घेतला तेव्हा कित्तूरकर इंग्रजांच्या बाजूनं होते. सहा वर्षांत तेच इंग्रज कित्तूरवर उलटले. ही गोष्ट मराठी अभिमानालाही टोचते आणि कन्नड अभिमानालाही, म्हणून दोघंही ती गाळतात. माझ्या मते तर हायस्कूलच्या पोराला शिकवायला ह्याच्यापेक्षा मोलाची गोष्ट आख्ख्या जिल्ह्यात नाही. शेजाऱ्यावरच्या रागापोटी परक्याला जवळ केलं की काय होतं, हे आपल्याच किल्ल्याच्या भिंतीत लिहिलेलं आहे, रोज सिटीबस तिथून जाते.

आणि इंग्रजांनी कित्तूर घेतलं कशावरून? दत्तक मानला नाही म्हणून. मराठी पोराला दत्तक नामंजूर म्हटलं की झाशी आठवते, जरा वाचणारं असेल तर सातारा, १८४८. कित्तूर त्याच्या चोवीस वर्षं आधीचं. आणि ह्याच माळेतला तिसरा मणी नरगुंद. नरगुंदचे संस्थानिक बाबासाहेब भावे, त्यांनाही दत्तक घ्यायची परवानगी मिळाली नाही, १८५८ मध्ये ते उठले, मॅन्सन नावाचा इंग्रज अधिकारी मारला गेला आणि त्यांना फाशी दिली ती आपल्या बेळगावात. आडनाव भावे, घराणं मराठी, आणि कन्नड माणसं त्यांना आपला वीर मानतात, नरगुंद बाबासाहेब म्हणून पोरांना शिकवतात. ग्रुपवर लिहिणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे, जे म्हणतात की त्यांच्या पुस्तकात आपलं कुणीच नाही? १९२४ च्या बेळगाव काँग्रेसचं घ्या, गांधीजी अध्यक्ष झाले ते एकमेव अधिवेशन. ते उभं केलं गंगाधरराव देशपांड्यांनी. टिळकांचे शिष्य, घरची भाषा मराठी, आणि लोकांनी दिलेली पदवी 'कर्नाटक सिंह'. टिळकवाडीत ती काँग्रेस विहीर अजून आहे, मुलांना मी तिथं नेऊन कठड्यावरून खाली बघायला लावते आणि विचारते, हा माणूस कुणाचा? दरवेळी वर्गात दोन तट पडतात आणि दरवेळी कुणीतरी म्हणतं, दोघांचा असला म्हणून काय बिघडलं.

कुणी म्हणेल, जुनं काढायचंच तर आणखी मागं जा की. जाऊ. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी फार जुन्या मराठी शिलालेखांतला एक आहे, चावुंडराजानं करवलं असं सांगणारा, आणि तेच कन्नडमध्ये आणि तमिळमध्येही शेजारी कोरलंय. ऐहोळेच्या ६३४ च्या लेखात बदामीच्या पुलकेशीला तीन महाराष्ट्रकांचा स्वामी म्हटलंय. देवगिरीच्या यादवांचे लेख मराठीत आहेत तसे कन्नडमध्येही ढीगभर आहेत. पण हे वापरून आधी कोण होतं त्याची शर्यत लावायची असेल तर मला त्यात रस नाही, कारण ती शर्यत दोन्ही बाजू आपापल्या जागी बसून जिंकतात.

परीक्षा, पोर्शन, वेळ, ही अडचण खरी आहे, शाळेतल्या शिक्षकांवर किती कामं लादलेली असतात ते मला दिसतं. म्हणून मी पुस्तक बदला असं म्हणतच नाही. दहावीला वीस मार्क अंतर्गत मूल्यमापनाचे असतातच, त्यातला एक प्रोजेक्ट दोन शाळांनी मिळून करावा, एक मराठी एक कन्नड, विषय एकच. बेळवडी, कित्तूर, १८९० चं धारवाड, १९५६. चार विषय, तीन वर्षांत. पैसे लागत नाहीत, नवीन आदेशाचीही गरज नाही, दोन हेडमास्तरांनी एकमेकांना फोन करायला पाहिजे एवढंच.

आणि हे जगात कुठं झालं नाही असंही नाही. फ्रान्स आणि जर्मनी सत्तर वर्षांत तीन लढाया लढले, १८७०, १९१४, १९३९, लाखांनी माणसं मेली. २००३ मध्ये दोन्हीकडच्या शाळकरी पोरांच्या संमेलनात मागणी आली की आम्हाला एकच इतिहासाचं पुस्तक पाहिजे, आणि २००६ मध्ये ते आलं, दोन्ही भाषांत एकच मजकूर. मागणी पोरांची होती हे लक्षात घ्या. जर्मनी आणि पोलंडनं तर १९७२ पासून पुस्तकांवर एकत्र बसायला सुरुवात केली, युद्धाच्या जखमा ओल्या असताना. ह्याहून मला जवळचा वाटतो तो इस्राएली आणि पॅलेस्टिनी शिक्षकांचा प्रयोग. त्यांनी पानाचे तीन भाग केले, एका बाजूला इस्राएली माणूस सांगतो तसं, दुसऱ्या बाजूला पॅलेस्टिनी सांगतो तसं, आणि मधला भाग कोरा, मुलानं लिहायला. तिथं शांतता आली का? नाही आली, दोन्हीकडच्या सरकारांनी ते वर्गात येऊ दिलं नाही. म्हणून प्रयोग खोटा पडला असं मी मानत नाही. दोन्ही सरकारं एकाच वेळी घाबरली, म्हणजे त्या कोऱ्या भागात काहीतरी होतं. आपल्यात तर तेवढं रक्त सांडलेलं नाही. बाजार एक, यल्लम्माची जत्रा एक, पोरींच्या सोयरिकी इकडून तिकडं होतात. जे तिथल्या शिक्षकांना बंदुकीच्या आवाजात जमलं ते आपल्याला चहा पीत जमू नये?

मी माझ्या ट्यूशनमध्ये तसंच पान केलंय. डावीकडं कन्नड, उजवीकडं मराठी, मध्ये कोरं. पिरनवाडीचं २०२० चं प्रकरण, जिथं रायण्णाच्या पुतळ्यावरून तणाव झाला आणि शेवटी चौकाला शिवाजी महाराजांचं नाव आणि पुतळा रायण्णाचा असं मिटलं, ते मी मुद्दाम पहिलं दिलं, कारण मुलांनी ते डोळ्यानं बघितलेलं. मधल्या भागात बहुतेकांनी दोन ओळी लिहिल्या. १९५६ च्या पानावर मात्र निम्म्या मुलांनी मधला भाग कोराच ठेवला. मी विचारलं तर वडगावची ती मुलगी म्हणाली, "अक्का, हिंडलग्याला काय आहे ते मी बघितलंच नाही, काय लिहू?" आणि येळ्ळूरच्या मुलानं नंदगड बघितलेलं नव्हतं.

म्हणून पुढच्या रविवारी टेम्पो ट्रॅव्हलर ठरवलाय. सकाळी हिंडलगा, मग खानापूरमार्गे नंदगड, दुपारचा डबा वडाखाली. अकरा मुलं आहेत. चिठ्ठ्या घरी पाठवल्या तेव्हा दोन आया म्हणाल्या, नंदगडलाच न्या फक्त, आणि दोन वडिलांनी सांगितलं, हिंडलग्यालाच न्या. मी सगळ्यांना एकच सांगितलं, जायचं तर दोन्हीकडं, नाहीतर कुठंच नाही. सात घरांतून होकार आलाय. बाकीच्या चार घरी मी ह्या आठवड्यात संध्याकाळी स्वतः जाऊन बसणार आहे.